तहसील बायपासवर गेली तो दिवस

तहसील कार्यालय हलवायचं म्हटलं की लोकांना वाटतं, टेबल-खुर्च्या नि संगणक उचलायचे, झालं. मी अभिलेख कक्षात काम करतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव. आमच्या कक्षात ‘जिल्हा चांदा’ (चंद्रपूरचं जुनं नाव) असं लिहिलेले जुने बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, होते. बंदोबस्ताच्या (जुन्या जमीन-आकारणीच्या) मिसली, अधिकार अभिलेख, फेरफार पंजी, निस्तार पत्रकं आणि कोतवाल पंजी. पंजी म्हणजे नोंदवही, नि कोतवाल म्हणजे महसूल खात्याचा गावपातळीवरचा सेवक; कोतवाल पंजीत जन्ममृत्यूच्या नोंदीपुढं जात लिहिलेली असते. ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तो पुष्कळदा याच पंजीत सापडतो. एक पान फाटलं की कुणाच्या तरी पोराचा प्रवेश अडतो.

जुनी इमारत बाजारचौकात, इंग्रजांच्या वेळची. पावसाळ्यात कौलांतून पाणी गळायचं, खालच्या फळ्यांना वाळवी लागली होती. नवी प्रशासकीय इमारत गावाबाहेर, बायपासला लागून. गावात सरकारी जागाच उरली नव्हती. तहसील, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, कृषी, सगळं एका छताखाली येणार होतं, आणि कागदांसाठी तर ही जागा हवीच होती. कोरड्या खोल्या, लोखंडी रॅक. या स्थलांतराला माझा विरोध नव्हता, आजही नाही.

मे महिन्याचं ऊन वर यायच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळी सातलाच ट्रॅक्टर लागले. मी आधीच यादी करून ठेवली होती. मंडळ, पटवारी हलका, मौजा, बस्त्याचा क्रमांक, कोणती ट्रॉली, नव्या खोलीतला रॅक. रीठ गावांचे बस्ते वेगळे बांधले. वस्ती उठून गेली तरी जमीन असते, आणि जमीन असली की वादही असतो. कोतवाल मंडळी एकेक बस्ता लहान लेकरासारखा उचलत होती.

दुसरी ट्रॉली भरत असताना तिघं जण आले. जंगलाकाठच्या गावच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष, पिशवी घेतलेला एक तरुण नि एक वयस्क बाई. त्यांना गावच्या निस्तार पत्रकाची नक्कल हवी होती. सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीपुढं होता, सुनावणी दोन दिवसांवर.

बाई ट्रॉलीकडं बघून म्हणाल्या, “बाबू, हे सारं नेऊन रायले, तं आमचा कागद कुठी भेटन?”

ज्यांनी निस्तार पत्रक पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 31 मार्च 1951 ला आमच्याकडची मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली. मालगुजाराच्या ताब्यातलं जंगल, गुरचराई, तलाव सरकारकडं आले. मग गावकऱ्यांनी गुरं कुठं चारायची, सरपण नि घरासाठी लाकूड कुठून आणायचं, हे गाववार लिहून ठेवलं गेलं. ते निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 मध्येही त्याला जागा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचे हक्क मान्य झाले, आणि हा जुना कागद अचानक गावाच्या कामाचा झाला. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून आमच्याकडच्या ग्रामसभाही हे कागद शोधत येतात.

यादी पाहिली. त्यांच्या मौजाचा बस्ता त्याच ट्रॉलीत, मधल्या थरात. कोतवालभाऊंना ट्रॉली थांबवायला सांगितली, ओसरीवर ताडपत्री टाकून बस्ता सोडला. पत्रक निघालं, चार पानं, शाई फिकी झालेली पण अक्षर स्वच्छ. गावालगतच्या जंगलातून सरपण, बांबू, नाल्याकाठची चराई, सगळं लिहिलेलं. अध्यक्षांनी नाल्याचं नाव वाचलं नि बाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “मी सांगत होतो ना!”

कागद सापडला, पण नक्कल मिळेना. झेरॉक्स मशीन नव्या इमारतीत गेलेलं. गोल शिक्का लोखंडी पेटीत, तीही पहिल्या ट्रॉलीतून गेलेली. सही करणारे नायब तहसीलदार तिकडंच. कोर्ट फीचं तिकीट मात्र इकडं, कारण मुद्रांक विक्रेते नि अर्जनवीस अजून जुन्या फाटकाशीच बसलेले. एका कागदासाठी दोन जागा, मध्ये चार किलोमीटर डांबरी रस्ता आणि एकही बस नाही. त्या तिघांनी इथंच अर्ज लिहून घेतला, तिकीट लावलं, आणि त्यांना मी ट्रॅक्टरवर सोबत नेलं. पत्रक माझ्या मांडीवर होतं. दुपारी शिक्क्यासह नक्कल हाती पडली.

त्या दिवशी माझ्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. मुंबईत नरिमन पॉइंटची कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात जातात, नागपुरात ठोक धान्यबाजार इतवारीच्या गल्ल्यांतून कळमन्याला जातो, तेव्हा तिथं काम करणारा रोज तिकडं जातो, त्याला रस्ता नि वाहन सापडतं. तहसीलीत येणारा माणूस वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि तो बाजाराच्या दिवशी येतो. धान विकायचं, मीठ-मिरची घ्यायची नि जमलं तर सातबाऱ्याचं काम, हे सगळं एका मजुरी बुडवलेल्या दिवसात बसवायचं असतं. कार्यालय बाजारापासून तुटलं की त्याचा तो एक दिवस दोन होतो. निराधार योजनेची माय मार्च 2023 पासून एसटीत अर्ध्या तिकिटावर बाजारापर्यंत येते, आणि वाचलेले पैसे पुढं ऑटोवाल्याला देते. सातबारा आता 15 रुपयांत ऑनलाइन निघतो, खरं आहे. पण निस्तार पत्रकासारखा कागद अजून बस्त्यातच शोधावा लागतो, आणि असे कागद लागणारी माणसं बहुतेक सगळ्यांत दूरच्या गावांची.

सामान लावून झाल्यावर मी टिपणी लिहिली. मुद्रांक विक्रेत्यांना नव्या आवारात जागा, इमारतीसमोर एसटीचा विनंती थांबा, आणि बाजाराच्या दिवशी जुन्या इमारतीत अर्ज घेणारी एक खिडकी. विक्रेत्यांसाठी शेड झाली. थांबाही मिळाला, गाड्या मात्र मोजक्याच थांबतात. खिडकीचा प्रस्ताव अजून वरच आहे. सध्या बाजाराच्या दिवशी एक कोतवाल जुन्या फाटकाशी बसून अर्ज गोळा करतो, आणि पुढच्या बाजाराला नकला घेऊन येतो. तहसीलदार साहेबांनी त्याला तोंडी परवानगी दिली आहे. मला ती लेखी हवी आहे.