रस्ता गावात होता, वहीत नव्हता

पैसे होते, हे आधी सांगते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी खात्यात पडून होता, ग्रामसभेत हात वर झाले होते, आराखड्यात काम चढलं होतं. तरी 380 मीटरच्या खडीकरणाच्या दुरुस्तीला चार महिने लागले, ते एका वहीपायी.

मी ग्रामपंचायत सदस्य, पहिल्यांदाच निवडून आलेली. मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंतचा हा रस्ता माझ्या वॉर्डातला. खाली काळी, भारी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची खडी जागेवर राहतच नाही.

अंदाजपत्रक करून घ्यायला तालुक्याच्या बांधकाम ऑफिसात गेले. अभियंता साहेब म्हणाले, "नमुना 23 चा उतारा लावा, मग पाहू." ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही म्हणजे नमुना 23, हे मला तिथंच कळलं. गावात परतल्यावर ग्रामपंचायतीच्या सचिवांनी वही काढली, बोट फिरवलं.

"ताई, हा रस्ता आपल्याकडे नाहीच न. जिल्हा परिषदेचा असन."

जिल्हा परिषदेच्या यादीत त्यांचा रस्ता फाट्यावरच संपतो.

"मग हा कोणाचा?"

"गावाचा."

"गावाचा तर वहीत काहून नाही?"

"ते मी इथं यायच्या आधीचं आहे."

पुढचे दोन महिने मी चेंडू झाले. ऑफिस म्हणे, आधी नोंद दाखवा. सचिव म्हणत, हा रस्ता आमचा नाही असं ऑफिसनं लिहून दिलं तर नोंद घेतो. ऑफिस म्हणे, तसं पत्र आम्ही देत नसतो. पाच चकरा मारल्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट म्हणून बरं. दोनदा साहेब साईटवर, एकदा मिटिंगला. एकदा भेटले, पण फाइलच सापडेना. मी तिथल्या बाकावर बसून अख्खी तूर निवडली असती, इतका वेळ गेला. आणि खरं सांगायचं तर एकदा आवाजही चढवला. उपयोग शून्य, उलट पुढच्या खेपेला चहा मिळाला नाही.

तोड काढली सासूबाईंनी. "त्या रस्त्याची दगडी पाटी होती न, खताच्या खड्ड्यापाशी?" गेले. पाटीवर गोवऱ्या थापलेल्या. खराट्यानं खरवडल्या तर खाली अक्षरं: खडीकरण, 2011, यंत्रणा ग्रामपंचायत. फोटो काढून सचिवांसमोर मोबाइल धरला. मग मात्र त्यांनी स्वतः मागचं कपाट उघडलं आणि त्या कामाची मोजमाप वही नि बिलं निघाली. मासिक सभेत ठराव झाला, टेप लावून लांबी-रुंदी मोजली, नोंद झाली. अंदाजपत्रक त्यानंतर नऊ दिवसांत हातात. तांत्रिक मंजुरी, सरपंच-सचिवांच्या डिजिटल सहीचं डोंगल, पेमेंट, यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

तुमच्या गावाला हे करायचं असेल तर सगळ्यात आधी नमुना 23 उघडून पाहा, ग्रामसभेच्याही आधी. दुसरं, वित्त आयोगाचा सगळा पैसा रस्त्याला चालत नाही. पंधराव्या आयोगात 60 टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेचा. रस्ता उरलेल्या 40 टक्क्यांतून. आमचा रस्ता नालीचं पाणी अंगावर येऊन फुटत होता, म्हणून सांडपाण्याची नाली बंधितमधून वेगळी धरली. ती न धरता नुसती खडी टाकली असती, तर पुढच्या पोळ्याला पुन्हा तेच खड्डे.

दुरुस्ती म्हटलं की सदस्यांची तोंडं उतरतात, हेही ध्यानात ठेवा. सगळ्यांना सिमेंट रस्ता पाहिजे. खड्डा बुजवायला कोणी नारळ फोडत नाही.

हो, आणि पाणी! मुरूम कोरडा दाबून बसत नाही, रोलरच्या आधी पाणी मारावं लागतं. आमचं काम एप्रिलमध्ये आलं, विहिरी तळाला गेलेल्या. टँकरची सोय अंदाजपत्रकात आहे का, हे आधीच विचारायला हवं होतं. मी विसरले आणि ठेकेदारानं दोन दिवस रोलर नुसता उभा ठेवला.

नोंद करताना मी गावातले बाकीचे रस्तेही टेपनं मोजून घेतले. सचिव वैतागले, पण लिहिले त्यांनी. आधी वहीत सहा रस्ते होते, आता अकरा आहेत.