चौतीस पिना, पण सारख्या नाहीत

जुन्या कॉम्प्युटरची फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन दुकानात येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काका, कनेक्टर तर बसतोय." बसणारच. 34 पिनांचा चपटा कनेक्टर पीसीच्या ड्राइव्हला बसतो, अमिगा कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला बसतो आणि माझ्याकडच्या बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरलाही बसतो. पण त्या पिनांवर कोण काय बोलतंय हे प्रत्येक घरात वेगळं. सगळे विषम नंबर ग्राउंड, इथपर्यंत एकमत आहे. पुढे मतभेद सुरू होतात.

रत्नागिरीत माझं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. आता दुरुस्ती म्हणजे जुना बोर्ड काढून नवा लावायचा, बाकी हाताला काम नाही. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरचा नाद लागला आणि बायकोच्या मते तो हाताबाहेर गेलाय. आज फक्त बीबीसीबद्दल लिहितो, कारण त्याच्या ड्राइव्हची भानगड मी पूर्ण निस्तरली आहे.

बीबीसी मायक्रो हे केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं मशीन. 1981 च्या डिसेंबरात आलं. 2 मेगाहर्ट्झचा 6502 प्रोसेसर आणि मॉडेल बीमध्ये 32 केबी मेमरी. आपल्याकडे ते आलं 1984 मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून, शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवण्यासाठी. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन ते 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने इथेच बनवलं. त्याच कारखान्याला 1989 मध्ये आग लागली आणि आपल्या चिप बनवण्याच्या स्वप्नाचं जे व्हायचं ते झालं. तो विषय काढला की मी तासभर बोलतो, म्हणून इथे थांबतो.

माझ्याकडे आलेलं मशीन एका शाळेच्या अडगळीतलं. खोली पाडायची होती, सामान भंगारात निघालं होतं, ओळखीच्या शिपायाने फोन केला. कीबोर्डच्या फटीत पालीची अंडी, आणि पॉवर सप्लायमधल्या रिफा कंपनीच्या पिवळट कपॅसिटरना वरपासून खालपर्यंत तडे. ज्यांना असं मशीन मिळेल त्यांनी ते कपॅसिटर बदलल्याशिवाय मेन्सला लावू नये, फुटले की धूर आणि वास दोन दिवस जात नाही. झाकण काढलं तर आत इंटेलचा 8271 जागेवर होता, म्हणजे फ्लॉपी चालवणारी चिप. मूळ मॉडेल बी टेपवर चालायचं, डिस्कचा भाग वेगळे पैसे मोजून बसवावा लागे. सोबत प्लास्टिकच्या डब्यात सव्वापाच इंची फ्लॉप्या होत्या. ड्राइव्ह मात्र गायब.

ड्राइव्ह माझ्याच माळ्यावर निघाली, जुन्या एक्सटी पीसीतली 360 केबीची. 40 ट्रॅक (फ्लॉपीवर डेटा लिहिला जातो ती वर्तुळं), दोन्ही बाजू, 300 आरपीएम म्हणजे मिनिटाला 300 फेरे. बीबीसीला याहून सोयीचं काही नाही. फक्त एक गोष्ट करावी लागते.

शुगार्ट कंपनीने 1976 मध्ये सव्वापाच इंची ड्राइव्ह आणली तेव्हा साधा हिशोब होता: 10 नंबरच्या पिनेवर पहिल्या ड्राइव्हला हाक, 12 वर दुसरीला, 14 वर तिसरीला, आणि 16 वर मोटर, सगळ्यांना मिळून एकच. ड्राइव्हवरच्या जम्परने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, सांगायचं की तू कितवी. बीबीसी आजही हाच हिशोब धरतो. आयबीएमने पीसी काढताना वेगळीच शक्कल लढवली. कारखान्यात प्रत्येक ड्राइव्ह दुसऱ्या नंबरवरच जम्पर करायची आणि केबलमध्ये 10 ते 16 या तारा उलटवून घ्यायच्या, म्हणजे टोकाची ड्राइव्ह आपोआप पहिली होते. जम्परला हात लावायला नको, बसवणाऱ्या पोराला अक्कल नसली तरी चालतं. धंद्याच्या दृष्टीने हुशारी, पण आपल्या मुळावर आली. पुढे साडेतीन इंची ड्राइव्हमधून तर जम्परच गेले, सगळ्या कायमच्या 'दुसऱ्या'.

म्हणून पीसीची पीळ असलेली केबल बीबीसीला लावली तर टोकाची ड्राइव्ह दाद देत नाही. सरळ केबल लावली तर चालते, पण ड्राइव्ह 1 म्हणून (बीबीसीची मोजणी शून्यापासून, म्हणून दुसरी ती 1), आणि शिफ्ट धरून ब्रेक दाबला की मशीन शोधतं ड्राइव्ह 0. एक्सटीच्या ड्राइव्हला जम्पर होता, तो एक घर सरकवला आणि काम झालं. तुमच्या ड्राइव्हला जम्पर नसेल तर सरळ रिबन केबलच्या 10 आणि 12 या दोनच तारा अदलाबदल करा. आणि चालू केल्यावर ड्राइव्हचा दिवा विझतच नसेल तर दुसरीकडे शोधू नका, कनेक्टर उलटा बसलाय.

अमिगाचं दुखणं याहून निराळं. त्याला 34 नंबरवर 'तयार आहे' हा निरोप हवा असतो आणि फ्लॉपी बदलल्याची खबर 2 नंबरवर. पीसीची ड्राइव्ह फ्लॉपी बदलल्याची खबर 34 वर देते आणि 'तयार आहे' कधी म्हणतच नाही. मग पट्टा-जम्परची कसरत करावी लागते. बीबीसीचं या दोन्ही पिनांवाचून काही अडत नाही.

आता वेग. 1.2 एमबीची सव्वापाच इंची ड्राइव्ह बाजारात जास्त सापडते आणि लोक ती घेऊन येतात. ती फिरते 360 आरपीएमने, बीबीसीला हवेत 300. काही मॉडेलमध्ये जम्परने वेग खाली आणता येतो, सगळ्यांत नाही. आणि 1.2 एमबीच्या फ्लॉप्या बीबीसीत वापरायचा मोह टाळा. त्यांच्यावरचा चुंबकीय थर जुन्या फ्लॉपीच्या जवळपास दुप्पट हट्टी असतो, त्यावर लिहिलेलं टिकत नाही.

माझ्या ड्राइव्हचा वेग बघायला मी ऑसिलोस्कोप काढला नाही. ड्राइव्ह पालथी केली की मोटरच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं दिसतात, एकावर 50 लिहिलेलं, दुसऱ्यावर 60. ती आपल्या मेन्ससाठीच आहेत. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि चाक 300 आरपीएमला सेकंदात 5 फेरे घेतं. हिशोब जुळला की 50 च्या वर्तुळातल्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. त्या पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे जात असतील तर कमी. शेजारच्या छोट्या प्रीसेटला, म्हणजे वेग जुळवायच्या स्क्रूला, बारीक स्क्रूड्रायव्हर लावून हळूहळू फिरवायचं. एलईडीखाली हा खेळ जमेलच असं नाही, म्हणून दुकानातली एक ट्यूब मी मुद्दाम बदललेली नाही. बायकोला कारण हेच सांगितलंय, तिचा विश्वास नाही.

हेडचा सरकणारा दांडा जुन्या ग्रीसने घट्ट झाला होता. ते ग्रीस आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला. हेड साफ करताना वरच्या हेडचा हात जास्त उचलू नका. त्याची पातळ पत्री एकदा वाकली की ड्राइव्ह भंगारात.

एवढं केल्यावर फ्लॉप्या घालून बघायच्या, असं कुणालाही वाटेल. पण ही रत्नागिरी आहे. चार महिने भिंतींना पाझर असतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे फ्लॉपी कोण सोडतो? फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून तबकडी उजेडात तिरकी धरायची आणि मधल्या छिद्रात बोटं घालून हळूच फिरवायची. माझ्याकडच्या बऱ्याच फ्लॉप्यांवर पांढरे ठिपके होते, काहींवर तर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की बुरशी हेडवर, हेडची घाण पुढच्या फ्लॉपीवर, आणि मध्ये थर खरवडून निघतो तो वेगळाच.

मग एकेक उघडली. पाकिटाची वरची कड ब्लेडने कापून तबकडी बाहेर, कडेनेच धरून. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापसाने पुसायचं, पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, पंख्याखाली सुकवायचं. जुनं पाकीट परत वापरायचं नाही, आतल्या अस्तरात बुरशी असतेच. एक टाकाऊ चांगली फ्लॉपी बळी देऊन तिच्या पाकिटात घालायची. एक फ्लॉपी वाचली की हेड पुन्हा साफ. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

पहिल्याच धुतलेल्या फ्लॉपीने मजा केली. 'स्टार कॅट' ही आज्ञा दिल्यावर फायलींची यादी नीट आली, आणि कुठलीही फाईल उघडायला गेलं की 'डिस्क फॉल्ट 18'. म्हणजे सेक्टर, ट्रॅकचा एक तुकडा, सापडला नाही. यादी असते शून्य नंबरच्या ट्रॅकवर, तिथे हेड बरोबरच असतं. पुढच्या ट्रॅकवर मात्र गाडी घसरते, कारण फ्लॉपी 80 ट्रॅकची आणि माझी ड्राइव्ह 40 ची. यादी दिसते आणि फाईल उघडत नाही, असं दिसलं की फ्लॉपीला दोष देण्याआधी ट्रॅकचा विचार करावा.

80 ट्रॅकची ड्राइव्ह भाच्याने पाठवली. तो कोव्हेंट्रीला असतो, तिकडे अशा ड्राइव्ह अजून घराघरांतून निघतात. तिच्या मागे 40/80 चं बटण आहे. 40 वर ठेवलं की हेड दर वेळी दोन पावलं टाकतं, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या फ्लॉप्या वाचता येतात. फक्त वाचता. 80 ट्रॅकचं हेड अर्ध्या रुंदीचं असतं. त्याने 40 ट्रॅकच्या फ्लॉपीवर लिहिणं म्हणजे जुन्या रंगावर बारीक ब्रशने मधोमध पट्टा मारणं, दोन्ही कडांना जुनं तसंच राहतं. मग खऱ्या 40 ट्रॅकच्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि ती गोंधळते. म्हणून एक्सटीची ड्राइव्ह मी काढून टाकली नाही.

भाच्याने ड्राइव्हसोबत सल्लाही पाठवला. "मामा, तो 8271 काढ आणि 1770 चा बोर्ड लाव. एका फ्लॉपीवर 640 केबी मिळतील."

"640 केबी घेऊन काय करू? मशीन 32 केबीचं आहे."

"अरे पण 31 फायलींची मर्यादा जाईल ना!"

त्याचं म्हणणं 1985 साली बरोबर होतं. 8271 ला फक्त सिंगल डेन्सिटी येते. 10 सेक्टर, प्रत्येकी 256 बाइट, म्हणजे 40 ट्रॅकच्या एका बाजूला 100 केबी आणि 80 च्या एका बाजूला 200. फाईलचं नाव सात अक्षरांचं, एका बाजूला 31 फायली, आणि एकाच ड्राइव्हच्या दोन बाजू म्हणजे ड्राइव्ह 0 आणि ड्राइव्ह 2. चिप महाग आणि दुर्मिळ, म्हणून लोकांनी वेस्टर्न डिजिटलच्या 1770 चे छोटे बोर्ड 8271 च्या सॉकेटात बसवले, एकॉर्ननेही पुढच्या मॉडेलांत 1770 च घेतला. पण काही जुन्या गेमच्या फ्लॉप्या थेट 8271 च्या खोडींवर विसंबून आहेत, त्या 1770 वर रुसतात. शिवाय एडीएफएस, म्हणजे ते 640 केबी देणारी फायलींची व्यवस्था, घातलं की मेमरी जाते. टेपवर प्रोग्रॅम 3584 या पत्त्यापासून सुरू होतो, डीएफएस (31 फायलींवाली साधी व्यवस्था) आलं की 6400 पासून, एडीएफएस आलं की 7424 पासून. 32 केबीत आधीच पडद्याला 20 केबी देऊन बसलेल्या मोडमध्ये हा नाकापेक्षा मोती जड. 8271 मेला असेल तर जरूर 1770 लावा. जिवंत असेल तर हात लावू नका.

जागेसाठी अपग्रेड करायचे दिवस गोटेकने संपवले. गोटेक म्हणजे साडेतीन इंची ड्राइव्हच्या आकाराचा डबा, पेन ड्राइव्ह घ्यायचा आणि मशीनला फ्लॉपी असल्याचं भासवायचं. आपल्याकडे तो एम्ब्रॉयडरी मशीनसाठी सर्रास विकला जातो, कॉम्प्युटरवाल्याला ठाऊक नसला तरी शिलाई मशीनवाल्याला असतो. त्यात कीर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी हे फुकट फर्मवेअर (डब्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम) भरायचं, सेटिंगच्या फाईलमध्ये इंटरफेस शुगार्ट आणि होस्ट एकॉर्न असं लिहायचं, जम्पर एस-0 वर. 12 व्होल्ट लागत नाहीत, 5 पुरतात. पेन ड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या मावतात, मग एका फ्लॉपीवर 31 फायली असोत नाहीतर 3, काय बिघडतं? चिप तीच, मेमरी तेवढीच, फक्त बटण दाबून पुढची फ्लॉपी.

खऱ्या ड्राइव्ह आता फक्त जुनं वाचायला. त्यासाठी 80 ट्रॅकची ड्राइव्ह मी ग्रीसवीझलला जोडली आहे. हा फ्रेझर यांचाच छोटा बोर्ड, फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे पीसीत उतरवून घेतो. अर्थ नंतर लावता येतो. धुतलेल्या फ्लॉपीला पुन्हा पुन्हा घासत बसण्यापेक्षा हे बरं. शाळेच्या फ्लॉप्यांपैकी बऱ्याच उतरल्या, काहींचा थरच सुटलेला होता, तिथे हात टेकले.

त्यात पाढे विचारणारे प्रोग्रॅम आहेत, कुणीतरी अर्धवट सोडलेलं वेळापत्रक आहे, आणि एका फाईलचं नाव आहे गणपती, इंग्रजीत बरोबर सात अक्षरं, डीएफएसला चालतील एवढीच. चालवला की ड्रॉ आणि प्लॉट या आज्ञांच्या रेघांनी सोंड, कान, मोदक असं एकेक उमटत जातं. कान सावकाश भरतात. आत सगळे आकडे हाताने काढलेले, आलेखाच्या कागदावर मोजून घेतले असणार. एका ओळीत आरईएम, म्हणजे नुसता शेरा, लिहून 'नववी ब' एवढंच.

ज्यांच्याकडे शाळेच्या काळातल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील त्यांनी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून बघू नये. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेऊ नये, सव्वापाच इंची तिच्यात जात नाही आणि बीबीसीची साडेतीन इंची गेली तरी तिला फक्त पीसीचा फॉरमॅट कळतो. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, लेबलवर पेन न दाबता, दुकानावर आणून द्या. पावसाळ्यात आणलीत तर प्लास्टिकच्या पिशवीत.