तलवार होती की नव्हती

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, श्रीखंडाच्या जेवणाची गुंगी डोळ्यांवर असताना, भाच्याने टीव्हीला आपले गेमचे यंत्र जोडले आणि मला हाक मारली, "मामा, तुझ्या काळातला अलादिन आहे यात, येतोस का?" यात म्हणजे 2021 साली निघालेल्या, डिस्नेच्या जुन्या गेमच्या एका संग्रहात. मी सोफ्यावरूनच पाहू लागलो. अलादिनच्या आग्राबा शहराचा बाजार, अंगावर येणारे पहारेकरी, हातातली वाकडी तलवार, सगळे जिथल्या तिथे होते. मग भाच्याने तो गेम बंद करून यादीतला दुसरा अलादिन सुरू केला, आणि त्यातल्या पोराने तलवारीचे नावही न घेता पहारेकऱ्याच्या डोक्यावर उडी मारली, तिथून कोलांटी घेत पुढचा दांडा पकडला, झोका घेतला, आणि थोड्या वेळाने डोक्यावर एक चादर धरून तो हवेत अलगद तरंगत खाली उतरला.

मी ताडकन उठून बसलो. चादर खरीच होती तर!

या चादरीवरून 1996 सालच्या मे महिन्यात सांगलीला माझे आणि माझ्या आतेभावाचे हातघाईवर आलेले भांडण झाले होते. काकांचा कॉम्प्युटर क्लास घराच्या तळमजल्यावर होता. चपला बाहेर काढूनच आत जायचे, कारण संगणकाला धूळ चालत नाही, आणि एसी चालू असायचा तोही संगणकासाठी, माणसांना गारवा मिळे तो फुकटचा. रविवारी क्लास बंद असे, तेव्हा काकांच्या मेहेरबानीने कोपऱ्यातल्या 486 जातीच्या संगणकावर आम्हाला तासभर अलादिन खेळायला मिळे. त्या यंत्रात साऊंड कार्ड नव्हते, त्यामुळे माझ्या लहानपणचा अलादिन मुका होता; पहारेकरी पडायचा तोही निमूटपणे. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला आतेभाऊ, वयाने दोन वर्षांनी मोठा म्हणून मी ज्याला दादा म्हणत असे, पहिल्याच मिनिटाला म्हणाला, "याच्याकडे तलवार कुठून आली?"

"पहिल्यापासून असतेच."

"नसते. तो नुसत्या उड्या मारतो. आणि चादर धरून खाली येतो."

"चादर?" असे मी अशा काही सुरात विचारले, की दादाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, मी तो परत ओढला, आणि त्या ओढाओढीत अलादिन निखाऱ्यांवर उभा राहून मेला. आवाज ऐकून आजी खाली आली. तिने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि निकाल दिला, "असेल बाबा त्याच्या तिकडच्या अलादिनाकडे चादर. तिकडे थंडी असते."

आम्ही दोघेही तिला हसलो. खरे म्हणजे त्या खोलीत तेवढे एकच विधान बरोबर होते.

डिस्नेचा चित्रपट 1992 च्या नोव्हेंबरात आला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरचे गेम आले, पण ते एकाच गेमचे दोन अवतार नव्हते. सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठीचा गेम, म्हणजे अमेरिकेत ज्याला जेनेसिस म्हणत त्या यंत्रासाठीचा, व्हर्जिन या कंपनीने केला आणि निन्टेंडोच्या सुपर निन्टेंडो या यंत्रासाठीचा कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीने. निन्टेंडोच्या यंत्रांवर डिस्नेची पात्रे आणण्याचे काम कॅपकॉम आधीपासून करीत होते. डकटेल्सचा 1989 सालचा गेम त्यांचाच. नाव एक, चित्रपट एक, वर्ष एक, आणि आतले सगळे वेगळे. काकांच्या 486 वर आलेला, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारा अलादिन व्हर्जिनच्या घराण्यातला होता, म्हणून त्याच्याकडे तलवार होती. दादाच्या घरी सुपर निन्टेंडो होते, म्हणून त्याच्याकडे चादर होती. निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेम बॉयवरही पुढे व्हर्जिनचाच वंश गेला, तर त्याच निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर मात्र कॅपकॉमचा, त्यामुळे नुसत्या यंत्राच्या नावावरून कुळी ओळखू पाहणारा माणूस हमखास फसतो. माझी अलीकडची आवड अशी, की कोणी लहानपणी अलादिन खेळल्याचे सांगितले तर मी आधी विचारतो, तलवारवाला की चादरवाला. बहुतेक जण माझ्याकडे काळजीने पाहतात.

त्या दुपारी भाच्याला बाजूला सारून मी दोन्ही आलटून पालटून खेळलो. दिसायला व्हर्जिनचा गेम आजही उजवा आहे, आणि ते यंत्राच्या ताकदीमुळे नाही. मेगा ड्राइव्ह 512 रंगांमधून एका वेळी जेमतेम 64 रंग पडद्यावर आणू शके, तर सुपर निन्टेंडोजवळ 32,768 रंगांचा खजिना होता आणि त्यातले 256 एका वेळी मांडता येत. पण व्हर्जिनने डिस्नेच्याच ॲनिमेटरांकडून कागदावर हाताने चित्रे काढून घेतली, ती स्कॅन केली, संगणकावर रंगवली आणि गेममध्ये बसवली. त्यामुळे तिथला जाडा पहारेकरी निखाऱ्यांवरून पळताना नुसता पुढे सरकत नाही, एकेक पाय उचलून चटके सोसत नाचतो. दुसऱ्याची विजार ऐन लढाईत खाली घसरते. उंटाच्या पाठीवर उडी मारली की तो तोंडातून पिचकारी टाकतो. रंग थोडे असूनही पात्रे जिवंत आहेत. माझ्या मुक्या 486 वर मी त्या विजारीला पोट धरून हसलो होतो, आणि आता आवाजासकट पाहतानाही तितकाच हसलो. भाचा मात्र हसला नाही. खड्ड्यात पडला की तो एक बटण दाबून वेळ मागे नेतो आणि पडलोच नव्हतो असे दाखवून पुढे जातो, ही सोय या संग्रहात मुद्दाम दिलेली आहे. मला ती मान्य नाही. आम्ही पडत होतो आणि पडल्याचे भोगत होतो.

हाताला मात्र कॅपकॉमचा गेम उजवा लागतो. व्हर्जिनच्या अलादिनाची उडी देखणी आहे, पण तो नेमका कुठे टेकणार याचा अंदाज देणारी नाही. छतावर पोचलो असे वाटते आणि बोटे हवेत राहतात. कॅपकॉमचा पोरगा बटण दाबताच निघतो आणि जिथे म्हणावे तिथेच उतरतो. सफरचंदे दोघांकडेही आहेत, परंतु इथल्या सफरचंदाने शत्रू नुसता क्षणभर गांगरतो, बाकीचे काम पायांनीच करायचे. आणि चित्रपट आठवून पाहिला तर अलादिन बाजारातून पळतो तो पायांच्याच जोरावर. तलवार घेऊन तो खरा लढतो ते अगदी शेवटी, खलनायक जाफर प्रचंड नाग होतो तेव्हा. म्हणजे चित्रपटाशी इमान राखले ते चादरवाल्याने, असे मला वयाच्या चाळिशीत कबूल करावे लागत आहे.

उडत्या गालिच्याच्या बाबतीत तर मी पुरता फितूर झालो. व्हर्जिनच्या गेममधली गालिच्याची सफर म्हणजे मागून लाव्हाची लाट, समोरून दगड, आणि वर जायचे की खाली हे सांगणारा एक हात, जो दिसून मेंदूपर्यंत पोचेतो दगड कपाळावर आलेला असतो. सांगलीत ती पातळी मी एकदाही ओलांडली नाही. त्या तासाभराची शेवटची दहा मिनिटे तिथेच मरण्यात जात. लाव्हातून गालिच्यावर पळण्याचा प्रसंग कॅपकॉमकडेही आहे, पण त्यानंतर त्यांनी एक वेगळीच रात्र ठेवली आहे. अलादिन आणि राजकन्या जास्मिन गालिच्यावर बसून आभाळातून जातात, शत्रू एकही नाही, मरणाची सोय नाही, वाटेत दिसतील ती रत्ने वेचायची आणि संगीत ऐकायचे. त्या वेळच्या गेममध्ये मुलाला काही न करता बसू देणारी दोन मिनिटे कोणी ठेवली असतील, असे मला कधी वाटले नव्हते. भाचा म्हणाला, "मामा, हे बोअर आहे." मी कंट्रोलर दिला नाही.

आणि तरीही त्या जुन्या वादाचा निकाल सरळ दादाच्या बाजूने लागत नाही. कॅपकॉमच्या अलादिनाची रचना शिंजी मिकामी यांची. याच गृहस्थांनी 1996 मध्ये, म्हणजे आम्ही सांगलीत कीबोर्ड ओढत होतो त्याच वर्षी, रेसिडेंट ईव्हिल हा भीतीदायक गेम करून जगभरच्या मुलांची झोप उडवली. त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की आपण स्वतः हा गेम केला नसता तर आपण दुसरा, म्हणजे व्हर्जिनचाच, विकत घेतला असता. त्यातले ॲनिमेशन सरस आहे, आणि शिवाय त्यात तलवार आहे. तलवार त्यांनाही हवी होती. हे वाचल्यावर मला एखादे जुने येणे अचानक वसूल झाल्यासारखे वाटले, पण तो संग्रह चालू करून पुन्हा चादरवालाच खेळत बसलो, तेव्हा त्या वसुलीचे काय करावे हे काही कळले नाही.

संध्याकाळी मी चादर धरून तरंगणाऱ्या अलादिनाचा टीव्हीवरूनच फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली लिहिले, "दादा, तू बरोबर होतास. माफ कर." तीस वर्षांनी मागितलेली माफी असल्यामुळे मी ती दोनदा वाचून मगच पाठवली. तिकडे सकाळ होती. अर्ध्या तासाने उत्तर आले.

"अरे वा, अलादिन! पण याची तलवार कुठे गेली? मी तर तलवारच चालवायचो. काकांच्या क्लासमध्ये तूच नाही का म्हणायचास, की तलवार नसते म्हणून?"

मी लिहिले, "नाही दादा. तू म्हणत होतास, चादर असते."

"चादर?"