घोडीची चंदी आणि माझा चार लिटरचा डबा

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली, उरुळीजवळच्या आमच्या शेतावर बांधली आणि पुढचे दोन महिने लाडानं तिची पार वाट लावली. रंगाच्या जुन्या चार लिटरच्या डब्यानं हरभरा मोजून भिजवायचा, सकाळ-संध्याकाळ एकेक डबा, वर गूळ, आणि कडबा म्हणजे काय, तोंडी लावायला. त्यात एक दिवस कुणीतरी सांगितलं म्हणून हरभरा एकदम बंद आणि ओट सुरू.

तिसऱ्या रात्री घोडी सारखी पोटाकडे वळून बघायला लागली, पाय आपटायला लागली, मग आडवी पडून लोळायलाच लागली, लीद बंद. पोटशूळ. डॉक्टर हडपसरहून आले, नाकातून नळी घातली, कारण घोड्याला उलटी होतच नाही, हे मला तेव्हा कळलं! पहाटे तिनं लीद टाकली तेव्हा मी आणि घोडी सांभाळणारे आमचे मोतद्दार मामा अक्षरशः लीद बघत उभे.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "हिचं वजन किती?" मी गप्प. मग टेपनं मोजलं, छातीचा घेर १६५ सेंमी, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी १५०, भागिले ११,८८०, आले साधारण ३४४ किलो. म्हणजे रोज ५ ते ७ किलो वाळका चारा हवाच, आणि चंदी, म्हणजे हरभरा-ओटसारखा दाणा, एका वेळेला वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत, पावणेदोन किलोच्या खाली. घरी येऊन काट्यावर डबा टांगला तर कोरडा हरभराच ३ किलो! तोच डबा गव्हाच्या भुशाचा, म्हणजे कोंड्याचा, भरला तर जेमतेम १ किलो, म्हणून डब्यानं मोजायचंच नाही. घोड्याचं पोट छोटं, जास्तीची चंदी न पचता मागच्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात आणि गॅस होतो. आणि त्या जंतूंना नवीन खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून बदल ७ ते १० दिवसांत थोडा थोडा.

आता कडबा कुट्टी आणि वाळकं गवत दिवसातून चार वेळा, थोडी लसूणघास, मिठाचा खडा, पाणी कायम भरलेलं. चंदी अगदी मूठभर, काम तरी कुठं असतं तिला, रविवारी कालव्यापर्यंत रपेट. भुसाही कमीच, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी.

मामांना मात्र काटा अजून पटलेला नाही. "दादा, आमच्या वेळी पसाभर दिलं की झालं," म्हणतात, आणि मी वळलो की खिशातून गुळाचा खडा काढतात. घोडी आता त्यांचा खिसाच हुंगत बसते.