चिंचेचा पाला आणि चार रकाने

ग्वाल्हेर, डिसेंबर

तानसेन समारोह आला की तानसेनाची समाधी असलेल्या हजिरा भागात वर्दळ वाढते, आणि येणाऱ्यांतले बरेच जण समाधीजवळच्या चिंचेचा पाला तोंडात टाकतात. त्याने गळा गोड होतो ही समजूत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही आहे. गंमत अशी की त्याच घरांत गाणाऱ्या मुलांना आंबट वर्ज्य. लोणचं नको, ताक नको, कैरी तर नकोच. चिंचेचा पाला चांगलाच आंबट असतो, त्यात टार्टारिक आम्ल असतं, पण तो चालतो. दोन्ही नियम एकाच तोंडून ऐकू येतात आणि सांगणाऱ्याला काही खटकत नाही, कारण ते शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलेलेच नसतात. एक पथ्याच्या खात्यात असतो, दुसरा श्रद्धेच्या.

असं मानणारी माणसं अडाणी, म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही. पदवीधर, डॉक्टर, हिशेबात चोख माणसं हे मानतात. समजुतीच्या बाजूने त्यांच्याकडे पुरावा भरपूर असतो. तो सगळा एकाच रकान्यातला असतो, एवढंच.

कागदावर चार रकाने आखावेत. पाला खाल्ला, घसा सुधारला. खाल्ला, नाही सुधारला. नाही खाल्ला, सुधारला. नाही खाल्ला, नाही सुधारला. समजा घसा बसलेल्या 40 जणांपैकी 20 जणांनी पाला खाल्ला आणि आठवड्यात त्यातले 16 बरे झाले. डोळ्यांसमोर 16 जिवंत उदाहरणं उभी राहतात. न खाल्लेल्या 20 जणांतलेही 16 बरे झाले असतील, तर पाल्याचा गुण शून्य. पण हे दुसरे 16 कुणाच्या लक्षात राहणार? पाला न खाणं ही सांगण्यासारखी घटनाच नव्हे. खाऊन गुण न आलेल्या चौघांसाठी सबबी तयार असतात: पाला जून होता, थंडी फार पडली, मनात किंतु होता. म्हणून ‘असं काही होत नाही’ हा युक्तिवाद मुळातच कुचकामी ठरतो. पहिल्या रकान्यातली माणसं खरी आहेत, समोरच्याने ती पाहिली आहेत. खोटं पाडायला निघालेला माणूसच त्याला खोटा वाटतो.

हा पहिला रकाना आपोआप का भरतो, ते समजून घेणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माणूस उपाय करतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. सर्दीने बसलेला आवाज बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपला आपण सुटतो. शिगेच्या दिवशी पाला खा, ज्येष्ठमध चघळा किंवा काहीच करू नका, पुढचे दिवस बरे येण्याचीच शक्यता अधिक. जे शेवटी केलं त्याला श्रेय मिळतं.

तालमीतही हेच घडतं. डॅनिएल काहनेमन (2002 चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शाबासकीने माणूस सुधारतो, असं त्यांनी सांगताच एक अनुभवी प्रशिक्षक म्हणाला की त्याचा अनुभव उलटा आहे: वाखाणलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं. निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. अतिशय चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण सहसा सरासरीकडे घसरतं आणि अतिशय वाईटानंतरचं सरासरीकडे चढतं, कुणी काही बोललं नाही तरीही. काहनेमन यांनी तिथेच जमिनीवर खूण करून सगळ्यांना पाठमोरं उभं केलं आणि दोन-दोनदा त्या खुणेकडे नाणं फेकायला लावलं. पहिल्यांदा खुणेजवळ गेलेल्यांचं दुसऱ्यांदा बहुतेक लांब गेलं, लांब गेलेल्यांचं जवळ आलं. गुरुजी रागावले आणि दुसऱ्या दिवशी तान स्वच्छ निघाली, हा अनुभवही असाच. रागावण्याला रोज बक्षीस मिळतं, कौतुकाला रोज शिक्षा. अशी शाळा वर्षानुवर्षं चालली तर कुठल्याही प्रामाणिक गुरूची रागावण्यावर श्रद्धा बसेल.

शिवाय आपण तपासतो तेही होकाराच्याच दिशेने. लंडनला मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग घरी करण्यासारखा आहे. समोरच्याला 2-4-6 हे आकडे द्या आणि सांगा, हे एका नियमात बसतात; तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी हो-नाही सांगतो, त्यातून नियम ओळखा. लोक 8-10-12 विचारतात, 20-22-24 विचारतात, सगळ्याला हो मिळतो, आणि ‘दोन-दोनने वाढणारे’ असं ठासून सांगतात. नियम इतकाच असतो की आकडे चढते हवेत. 1-2-3 विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण आपली अटकळ मोडू शकेल असा प्रश्न सुचतच नाही.

विरोधी पुरावा समोर ठेवला तर? 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फाशीच्या शिक्षेचे 24 समर्थक आणि 24 विरोधक विद्यार्थी घेऊन, सर्वांना एक बाजूचा आणि एक विरुद्ध बाजूचा असे दोन अहवाल वाचायला दिले. प्रत्येकाला आपल्या मताचा अहवाल नेटका वाटला, दुसऱ्यातल्या पद्धतीच्या चुका बारकाईने दिसल्या. वाचून झाल्यावर दोन्ही गट आपण आधीपेक्षा ठाम झालो असं सांगत होते. बुद्धी दोघांनीही वापरली होती, फक्त नको असलेल्या कागदावर जास्त.

पाल्याची खरी परीक्षा घ्यायची तर नोंदवही ठेवावी. रोज सकाळी रियाजाआधी नाणं उडवायचं: छापा आला तर पाला, काटा आला तर नाही. आज घसा कसा आहे यावर ठरवायचं नाही, तिथेच सगळं बिघडतं. दोन्ही प्रकारच्या किमान 20-20 सकाळी भराव्यात. मोजायचं काय ते आधी लिहून ठेवावं, उदाहरणार्थ एका श्वासात मध्य सा ‘आ’कारात किती सेकंद टिकतो, तीनदा घेऊन सर्वांत मोठा आकडा नोंदवायचा. गोडवा जोखायचा असेल तर तोच पलटा ध्वनिमुद्रित करून, पाल्याचा दिवस कोणता हे ठाऊक नसलेल्याला ऐकवून, 5 पैकी गुण घ्यावेत. मनासारखा आकडा दिसला म्हणून मध्येच थांबणं ही इथली नेहमीची चूक. आणि 40 दिवसांत फक्त ठळक फरक दिसेल, बारीक नाही.

एवढं करूनही नुसतं ‘पाल्याने काही होत नाही’ म्हणून चालत नाही. 1994 च्या एका प्रयोगात लोकांनी गोदामाच्या आगीची बातमी वाचली: कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर दुरुस्ती आली की कपाट रिकामं होतं. ती लक्षात ठेवूनही लोक काळ्या धुराचं कारण रंगच सांगत राहिले. आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या, असं दुसरं कारण दिलं तेव्हा कुठे रंगाची पकड ढिली झाली. कारणाची जागा रिकामी राहिली की जुनं कारण परत येऊन बसतं.

म्हणून आजीला सांगायचं तर असं सांगावं: ‘आजी, गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवरून जातच नाही. पाला चघळल्याने लाळ सुटते, घशाची खरखर थोडा वेळ थांबते, म्हणून बरं वाटतं. बाकी आवाज सुटला तो सर्दी ओसरली आणि चार दिवस गाणं बंद ठेवलं म्हणून.’ तिने जे पाहिलं ते खोटं ठरत नाही आणि कारणाची जागाही भरते. चारचौघांत मात्र हे बोलू नये. तिथे प्रश्न पाल्याचा राहत नाही, तिच्या शब्दाला घरात असलेल्या किमतीचा होतो.

तानसेनाला नमस्कार म्हणून कुणी पाला तोंडात टाकत असेल तर त्यात सुधारण्यासारखं काहीच नाही. मला काळजी वाटते ती औषध म्हणून खाणाऱ्याची. आवाज तीन-चार आठवडे घोगराच राहिला, आणि विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यायला हवेत. गाठ असो वा आणखी काही गंभीर, ते त्या पाहण्यातच कळतं, आणि ‘मागच्या वेळी पाल्याने उतरलं होतं’ या वाक्यात तेवढेच आठवडे निघून जातात.