विसर्जनात उकळणारी फार्गो आणि रेडिएटरवरचा इलेक्ट्रिक फॅन

आमच्या आजोबांचा फार्गो ट्रक, नाकवाली गाडी, कुर्ल्याच्या प्रीमियरची, पेट्रोलचं सहा सिलिंडर इंजिन. एके काळी सांगलीच्या मार्केट यार्डात हिनं हळदीची पोती वाहिली, आता वर्षातनं एकदा मंडळाचा गणपती घेऊन सरकारी घाटावर जाते. आणि तिथंच गाडी तापायची. रस्त्याला पळत असली की तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण हरभट रोडला ढोलामागं पावलापावलानं सरकायला लागली की तासाभरात पाणी उकळून झाकणातनं वाफ.

कारण साधं आहे. जुना फॅन बेल्टवर फिरतो, इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता हळू फिरतंय म्हटल्यावर फॅनही हळू आणि पाण्याचा पंपही हळू, समोरनं वारा तर नाहीच. म्हणून यंदा इलेक्ट्रिक फॅन बसवायचं ठरवलं. पण मिरजेच्या रेडिएटरवाल्या चाचांनी आधी अडवलं, म्हणाले, "आधी रॉडिंग करून घे बेटा, म्हणजे रेडिएटर उघडून नळ्यांत सळी घालून सफाई, नळ्या चोंदल्या असतील तर दहा फॅन लावून उपयोग नाही." खरंच, खालच्या नळ्यांतनं एवढा गाळ निघाला की बघत बसलो.

फॅन घेतला 14 इंची, 12 व्होल्टचा, रेडिएटरच्या मागं, इंजिनच्या बाजूला बसून हवा ओढणारा. रेडिएटरच्या जाळीतनं प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन बांधतात ते अजिबात करू नका, हादऱ्यानं नळी घासून गळती लागते. आम्ही पट्टीचे ब्रॅकेट करून रेडिएटरच्या बाजूच्या मूळ बोल्टांवरच धरलं, गाडीला एकही नवीन भोक नाही, आजोबांच्या गाडीला भोक पाडायची माझी तयारीच नव्हती. मागं पत्र्याचं आच्छादन केलं, नाहीतर फॅन फक्त आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो आणि कोपरे तसेच तापलेले राहतात. अजून एक, जुना फॅन काढल्यावर तेच लांब बोल्ट पुलीला परत लावू नका, आवळल्यासारखे वाटतात पण पुली ढिली राहते, तिथं आखूड बोल्ट पाहिजेत कारण बेल्ट आणि पंप तसेच चालणार आहेत.

वायरिंगला जास्त वेळ गेला. फॅन चालू असताना 11 अँपिअर घेतो पण सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीच्या वर जातो, म्हणून करंट थेट स्विचमधनं न्यायचाच नाही, 40 अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ 30 चा फ्यूज, जाड वायर. जुना डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, फॅन आणि हेडलाइट मिळून बॅटरी उतरवणार, त्यामुळं आयडललाही चार्ज करणारा अल्टरनेटर बसवावाच लागला. आणि वायर जोडायच्या आधी गाडीला अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक चेसीला जोडलंय ते बघा, जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही असतो.

पाणी तापलं की फॅन सुरू करणाऱ्या सेन्सरसाठी लेथवर पितळी जोड करून रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये बसवला. काटा चढला, पाणी तापलं, तरी फॅन सुरूच होईना, अर्धा दिवस रिले बदल, सेन्सर बदल चाललं. शेवटी वायरमन दादांच्या लक्षात आलं की जोड दोन्हीकडनं रबरी होजमध्ये आहे, त्याला अर्थच मिळत नाही! जोडापासनं चेसीपर्यंत एक वायर ओढली आणि 92 डिग्रीला फॅन सुरू झाला, तो आवाज ऐकून वडील घरातनं बाहेर आले.

परवा उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं पाऊण तास अडकलो होतो, गाडी बंद केली नाही, काटा 92 आणि 86 च्या मध्येच खालीवर करत राहिला. रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा असल्यामुळं झाकण मात्र मूळ प्रेशरचंच ठेवलंय, नवीन गाडीचं जास्त प्रेशरचं लावलं तर टाकीची शिवण सुटते. जुना फॅन आणि त्याचे लांब बोल्ट तेलाचा हात फिरवून सीटमागच्या पेटीत ठेवलेत, दोन पाने घेतले की तासात पुन्हा बसतो.