बदामाची लाल पानं आणि बाबांचा लाल्या

आज सकाळी अंगण झाडायला घेतलं आणि पहिल्याच फटक्याला खराटा थांबला. सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, कोपऱ्यातल्या बदामानं रात्रीतून पंधरा-वीस पानं टाकली होती. एक पान देठापासून टोकापर्यंत कुंकवासारखं. एकाच्या शिरा अजून हिरव्या, मधली जागा शेंदरी. एक अर्धं पिवळं, अर्धं जांभळट, त्यावर दवाचे थेंब. तळहातापेक्षा मोठी पानं ही, पडताना आवाज करतात. रात्री जागी असले तर थप्प ऐकू येतं आणि मी मनात मोजते.

बदाम म्हणजे आपला देशी बदाम. फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरतात आणि पोरं त्याचं फळ दगडानं फोडून आतली काडीएवढी गिरी खातात, तो. शाळेच्या आवारात उगवलेलं रोप मी 2011 च्या पावसाळ्यात इथं आणून लावलं. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, नवेगावबांधचं जंगल जवळच. लग्न होऊन इथं आले तोवर झाडाच्या पानाला रंग येतो आणि तो बघायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझं माहेर दर्यापूरकडचं. खारपाणपट्टा. काळी जमीन, बांधावर बाभळी आणि नजर जाईल तिथवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. तिथं लाल पान म्हणजे लाल्या. बोंडं भरायच्या वेळेला रात्री एकाएकी गारठल्या, जमिनीत नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, पानाखाली बसून रस शोषणारे तुडतुडे लागले, की पऱ्हाटीची पानं कडेकडेनं लाल व्हायला लागतात आणि पुढं झडतात. बोंडं नीट भरत नाहीत. बाबा वावरातून आले की त्यांच्या चेहऱ्यावरूनच आईला कळायचं. मग मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी, उधारी, आणि रात्री जेवताना कुणी बोलायचं नाही. "पान लाल झालं म्हंजे झाड उपाशी हाये," असं बाबा म्हणत. ते वाक्य माझ्या हाडात बसलेलं.

म्हणून बदामाचं पहिलं पान लाल झालं तेव्हा मी घाबरले होते. शेणखत घातलं, पाणी वाढवलं. पानं लालच होत गेली, गळली, आणि सगळी गळायच्या आतच फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब आले. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. सासूबाई मात्र झाडावर रागावलेल्या. "केवढा कचरा करते व हे झाड!" त्यांचं चुकत नव्हतं, झाडायचं त्यांनाच पडायचं. आता झाडणं माझ्याकडे आहे आणि पानं वांग्यांच्या आळ्यांत जातात. जाड असतात, कुजायला वेळ घेतात, पण तोवर खालची माती ओली राहते. पालापाचोळा पेटवणं आमच्या घरात बंद झालंय.

पुढं शाळेत पोरांना शिकवताना मी रंगाचं नीट वाचून काढलं. पाऊस संपला, जमिनीतलं पाणी उतरलं की इथली झाडं पानांचा खर्च बंद करतात. हरितद्रव्य मोडतात, पानातलं नत्र फांदीत ओढून घेतात, देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरतात. पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतोच, हिरवा गेला की तो दिसतो. सीताफळ, शेवगा, कडुनिंब यांचा पिवळा असाच. लाल मात्र बहुतेक झाडांत नव्यानं तयार होतो, पानात उरलेल्या साखरेपासून. त्याला अँथोसायनिन म्हणतात. पऱ्हाटीच्या लाल्यात तेच असतं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ ओट्यावर बसले होते.

लालपत्तीची गोष्ट वेगळी. पॉइन्सेटियाला आमच्याकडे लालपत्तीच म्हणतात. लोकांना वाटतं ती फुलं, पण ती रंगलेली पानंच, खरं फूल मधल्या पिवळ्या बारक्या बोंडांत. तिला लांब आणि सलग अंधार लागतो. डिसेंबरात आपल्याकडची रात्र 13 तासांची होते, तेवढ्यात ती रंगते. तीन वर्षांपूर्वी कुंपणाबाहेरच्या खांबावर पांढरा झगझगीत दिवा लागला आणि त्या हिवाळ्यात लालपत्ती हिरवीच राहिली. खत बदललं, माती बदलली, काही उपयोग नाही. कारण कळल्यावर पुढच्या कोजागरीनंतर कुंडी उचलून गोठ्यामागं ठेवली, जिथं रात्री काळोख असतो. नाताळात ती अशी पेटली की दूध न्यायला येणाऱ्या बाया तिथंच थांबायच्या.

पण आमच्या मुलखाचं खरं वैभव पानगळीनंतर येतं. फाल्गुनात बांधावरचा कुसुम कोवळ्या पानांनी नुसता रक्तासारखा लाल होतो. पाहुण्यांना लांबून पळसच वाटतो. जवळ नेऊन दाखवते, पान हातात देते. मोहाची पालवी तांबूस, पिंपळाची गुलाबी तांब्याची, उन्हात आरपार दिसणारी. कोवळ्या पानातही अँथोसायनिन असतं आणि हिरवा अजून भरलेला नसतो, म्हणून लाल दिसतो. म्हणजे आमच्याकडे पान लाल होऊन जातं आणि लालच होऊन येतं. कुसुम परसात लावू नये, फार मोठा होतो. बांधावर जागा असेल तर जरूर लावा. बदामसुद्धा कौलांपासून दूर.

गेल्या माघात बाबा आले होते. आता शहात्तर वर्षांचे आहेत. सकाळी काठी टेकत बदामाखाली गेले, वाकून एक पान उचललं. मी ओसरीतून बघत होते. त्यांनी ते उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेऊन खालची बाजू तपासली. तुडतुडे शोधत होते. काही सापडलं नाही. मग दुसरं पान, तिसरं. मग मान वर करून फांद्यांच्या टोकांचे कोंब बघत राहिले.

"हे तं उपाशी नाही दिसत व," म्हणाले.

मी खराटा घेऊन पुढं झाले, तर हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ दे आज. नको झाडू."